मामांची बावडी आणि होणारा जावई

आमच्या मोठ्या मामांनी सरकारी मालमत्तेवर जेवढं प्रेम केलं, तेवढं खुद्द सरकारनंही कधी केलं नसेल. मध्य प्रदेशातल्या बालाघाटच्या कचेरीतून निवृत्त झाल्यापासून त्यांनी हट्टा गावची जुनी बावडी, म्हणजे पायऱ्यांची विहीर, जणू दत्तकच घेतली आहे. तिथं संरक्षित स्मारकाची पाटी आहे, पण मामांच्या मते बकऱ्यांना, तंबाखूचा खर्रा खाणाऱ्यांना आणि प्रेमात पडलेल्यांना कायदा तोंडीच सांगावा लागतो. भरवेलीहून मोटारसायकलींवर आलेल्या पोरांना ते आधी खर्रा थुंकून चूळ भरायला लावतात, मगच पायऱ्या उतरू देतात. एकदा भिंतीत पिंपळाचं रोप उगवलं. ते उपटताना चिरा निघाला तर गुन्हेगार आपणच, या भीतीनं पुरातत्त्वाचा माणूस येईपर्यंत मामा रोज जाऊन त्या रोपालाच दम देत होते. घरी मामी म्हणायच्या, "इकडं छत गळून राह्यलं, ते पाहा ना जरा." मामा शांतपणे सांगत, "ते संरक्षित नाही."

मग त्यांच्या एकुलत्या लेकीचं लग्न ठरलं. मुलगा गोंदियाचा, हसरा, भाबडा. फोटो काढायला दोघं बावडीत उतरली, सोबत मामा आणि मी. फोटोवाला जागा शोधत होता तेवढ्यात भावी जावयानं किल्लीनं खांबावर दोघांची नावं कोरली. मामांनी त्याला स्कूटरवर बसवलं आणि थेट पोलीस ठाण्यात नेलं. मागोमाग फोटोवाल्याच्या गाडीवर लेहंगा सावरत नवरी, आणि तिच्या मागे कशीबशी मी. मामा थानेदाराला अख्खा कायदा तोंडपाठ ऐकवत होते. जावई बिचारा "बाबूजी, गलती हो गई" एवढंच म्हणत होता.

"बाबा, त्याच्यात माझंबी नाव आहे," लेक म्हणाली. "मलेही आत टाका."

मामा थानेदाराकडे वळले. "हौ. दोघांचीबी तक्रार लिहा."

थानेदारानं पेन खाली ठेवून चहा मागवला. चहावर तडजोड झाली: लग्नापर्यंत दर रविवारी जावयानं येऊन बावडी झाडायची. तो येतही राहिला. शेवटच्या रविवारी तर हळदीनं माखलेला आला, तेव्हा व्याही रडायचे बाकी होते.

लेक आता बंगळुरूला असते. नावं घासली तर दगड आणखी झिजेल, म्हणून पुरातत्त्ववाल्यांनी ती तशीच ठेवली. परवा मी मामांबरोबर गेले होते. ते खांबापाशी वाकून ती नावं वाचत होते. पुन्हा कुणाला तरी विचारून ती काढून घेता येतील का पाहू, असं मी म्हटलं.

"राहू दे," मामा म्हणाले. "अक्षर त्याचं आहे, पण नाव तर तिचंच आहे ना."