ठाण्यातली हजेरी

पोलिसाच्या नोकरीत बढती उशिरा मिळते, किस्से मात्र पहिल्या दिवसापासून जमायला लागतात. बाकीचे मी हौसेनं सांगतो, आमच्या तरुण मंडळाचे टाळतो. आज विषय तुम्हीच काढलात, तर ऐका. ठाणं कर्जत-खालापूर भागातलं होतं एवढं पुरे, नाव सांगत नाही.

तेव्हा आमचा रायगड जिल्हा कुलाबाच म्हणवला जात होता आणि आम्ही शिपाई हाफपँटीत फिरत होतो. वरून हुकूम आला, उनाड पोरांना पोलिसांनी जवळ करावं, खेळ शिकवावेत, वळण लावावं. साहेबांनी मला कशेळ्याच्या बाजारात धाडलं. दहाबारा पोरं घेऊन ये म्हणाले, जशी काही वांगीच आणायची होती.

बाजारात उभा राहून मी हाक मारली, "पोरांनो, इकडे या रे!" बघता बघता बाजार रिकामा. सुक्या मासळीच्या बायकांनीही आपली पोरं पाट्यांमागे दडवली. एकटा किसन, सोळा-सतरा वर्षांचा, भाताच्या पोत्यावर बसून राहिला. तू का नाही पळालास, असं मी विचारलं.

"मी काय केलंय नाय, मंग पळू कशाला?"

हा आमचा पहिला मेंबर.

*

पहिल्याच दिवशी किसनचे वडील धापा टाकत ठाण्यात आले. हातात जमिनीचा सातबारा. पोरगा ठाण्यात गेला म्हणजे जामीन लागणार, हा त्यांचा हिशेब. मी त्यांना मागच्या अंगणात नेऊन पोरगा कबड्डी खेळतोय ते दाखवलं. म्हाताऱ्यानं सातबारा माझ्यापुढे धरला.

"खेळू द्या सायेब," म्हणाला, "पन सई कुटं करू तेवडं सांगा."

आम्ही सगळे पोट धरून हसलो. आमच्यापेक्षा त्याला ठाणं जास्त कळत होतं, हे मला फार उशिरा समजलं.

*

पुढे बरीच पोरं यायला लागली. साहेब म्हणाले, रोजची हजेरी ठेवा, वर दाखवावी लागते. नवी वही अलिबागहून यायची होती, ती काही आली नाही. कपाटात एकच वही निम्मी कोरी होती. कोर्टानं अटीवर सोडलेले लोक सोमवारी येऊन तीत अंगठा लावून जायचे. वर छापलेलं होतंच, 'हजेरी'. मी म्हटलं, आपल्याला तरी दुसरं काय हवंय? आणि मागच्या पानांवर पोरांची नावं लिहायला लागलो. माझं अक्षर चांगलं, त्याचा मला गर्व होता.

किसनचा तीन वर्षांत एक खाडा नाही.

*

मोठे साहेब एकदा मंडळ बघायला आले. पोरांना नवे बनियन वाटले, फोटो काढला. 'पोलीस हा तुमचा मित्र' यावर भाषण झालं. पुढे पोलीस कोण होणार, असं त्यांनी विचारलं तर एकट्या किसनचा हात वर. साहेबांनी स्वतःच्या गळ्यातला हार काढून त्याच्या गळ्यात घातला.

साहेबांची जीप फाटकाबाहेर पडली आणि आम्ही बनियन परत घेतले. किसननं आपला घडी घालून दिला.

*

आमच्या साहेबांची बदली झाली आणि मंडळ बसलं. किसन मात्र अलिबागला भरतीला गेला. धावण्यात पहिला! आता चारित्र्याचा दाखला तेवढा आमच्या ठाण्यातून जायचा होता. मी नेमका बंदोबस्ताला बाहेरगावी. कागद करणाऱ्या नव्या हवालदारानं दप्तरात किसनचं नाव शोधलं, त्याला ते सापडलं आणि त्यानं इमानदारीनं लिहून टाकलं, 'सदर इसम तीन वर्षे ठाण्यात नियमित हजेरी देत होता.'

मी परत आलो तोवर नकार आलेला होता. वही घेऊन नव्या साहेबांपुढे उभा राहिलो. ही कबड्डीची हजेरी आहे, चूक माझी आहे, वर तसं कळवा, असं हात जोडून सांगितलं. त्यांनी पानं चाळली.

"कबड्डी कुठे लिहिलंय यात? आणि अक्षर तर तुमचंच आहे."

त्या दिवशी मला माझ्या अक्षराची किळस आली. किसनच्या घरी जाऊन सगळं सांगायला हवं होतं. मी गेलो नाही.

*

वर्षभरानं मी पुन्हा कशेळ्याच्या बाजारात होतो. किसन पाठमोरा उभा दिसला. म्हटलं, आज तरी बोलून टाकू. मी हाक मारली, "किसन, अरे इकडे ये."

त्यानं वळून पाहिलं. बाजारातली बाकीची पोरं जागची हलली नाहीत. किसन पळाला.