तीन किकांचा कौल

थंडीत बैल आखडतो तशी मोटारसायकलही आखडते, हे दादानं मला सांगितलं तेव्हा मी सांगलीच्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकत होतो, म्हणजे मला सगळंच येत होतं. दादा पलटणीत होता. सुट्टीवर आला असताना त्यानं लष्करी लिलावातली एक जुनी, जाडजूड विलायती गाडी आणली. ती पुरती फिरवून व्हायच्या आधीच त्याला माघारी बोलावणं आलं. उत्तरेला सरहद्दीवर गडबड सुरू झाली होती.

"दर रविवारी चालू करत जा," एसटीच्या दारात उभा राहून तो म्हणाला. "न्हाईतर हिवाळ्यात तेल गोठंल आन् पार धोंडा हुईल तिचा."

मी मान डोलावली. मान डोलावण्यात माझा हात कुणी धरला नसता.

आमचं गाव कऱ्हाडच्या पश्चिमेला, डोंगराला टेकून. मार्गशीर्ष लागला की सकाळी रानात एवढं दहिवर पडायचं की वहाणा भिजायच्या. वडील मी लहान असतानाच गेले होते, त्यामुळं घरात आई आणि गोठ्यात म्हैस. म्हशीच्या अंगाची ऊब मिळावी म्हणून गाडी तिच्या शेजारीच लावली होती आणि गाडीवर बैलाची जुनी झूल टाकली होती. मी शनिवारी सांगलीहून यायचो, रविवारी सकाळी झूल काढायचो आणि माझे हाल सुरू व्हायचे.

ती गाडी चालू करणं हा सत्यनारायणापेक्षा मोठा विधी होता. पेट्रोलची चावी सोडायची, कार्बोरेटरचं बटण पेट्रोल ठिबकेपर्यंत दाबायचं, हँडलवरची ठिणगीची बारकी दांडी मागं घ्यायची आणि मग उडी मारून अख्ख्या अंगाचा भार किकवर टाकायचा. माझ्या अख्ख्या अंगाचा भार म्हणजे अर्धं पोतं भुसा. त्यात दांडी मागं घ्यायला विसरलं की किक उलटी बसायची. पहिल्याच रविवारी मी विसरलो. गाडीनं मला उचलून शेणाच्या पाटीत बसवलं. म्हशीनं एकदा माझ्याकडं बघितलं आणि तोंड फिरवलं.

दिवाळीनंतर दादाची पत्रं यायची थांबली. चावडीवरच्या रेडिओवर लढाईच्या बातम्या लागायच्या, तिथं सगळं गाव जमायचं. आई तेवढी जात नव्हती.

आमच्याकडं काही अडलं की देवाला कौल लावतात. गुरव देवाच्या अंगावर ओली फुलं चिकटवतो. उजवीकडचं आधी पडलं तर काम होणार, डावीकडचं पडलं तर नाही. एका रविवारी मी किका मारत असताना आई गोठ्याच्या दारात येऊन उभी राहिली. तिसऱ्या किकला गाडी लागली. आईनं डोळे मिटून हात जोडले आणि म्हणाली, "खुशाल हाय माजं पोरगं." मला वाटलं, ती माझ्याबद्दल बोलतेय. शेणाच्या पाटीतला प्रकार ताजा होता.

पुढच्या रविवारी ती आधीच दारात हजर.

"तीन किका," ती म्हणाली. "तिनात लागली तर त्यो खुशाल."

मी तिला पदार्थविज्ञान समजावलं. थंडीत तेल घट्ट होतं, पेट्रोलची वाफ नीट होत नाही, याचा आणि सरहद्दीवरच्या माणसाचा काही संबंध नाही. तिनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"झालं? मार आता."

मारली. दुसऱ्या किकला लागली, आणि माझ्या पदार्थविज्ञानाचं तिथंच दिवाळं वाजलं. आई चुलीकडं गेली ती गुणगुणत गेली. त्या दिवसापासून भावाची खुशाली माझ्या पिंढरीवर आली, आणि माझी पिंढरी कशी होती ते गावात सगळ्यांना ठाऊक होतं. सांगलीत वर्गात बसल्या बसल्या मी बाकाखाली पाय आपटून किकेचा सराव करायचो. शेजारच्यानं एकदा विचारलं, "मुंग्या आल्या काय रं पायाला?"

प्लग चुलीत तापवून गरमागरम बसवला की गाडी लवकर लागते, अशी एक युक्ती मला सांगलीत कळली. घरी येऊन मी चिमट्यात प्लग धरून चुलीपाशी बसलो. आईनं चिमटाच काढून घेतला.

"कौल लावताना फुलाला कुनी ढकलतं व्हय?"

आता आली का पंचाईत. पण रात्रभर ऊब देणं म्हणजे काही ढकलणं नव्हे, असा कायदा मी मनाशी काढला. पौषातल्या एका शनिवारी, हाडं गोठवणारा वारा सुटला असताना, मी कडब्याच्या पेंढ्या सोडल्या, इंजिनाभोवती छान जाड गुंडाळल्या, सुतळीनं आवळल्या आणि वरून झूल टाकली. शेतकऱ्याच्या पोटी जन्म घेऊन, म्हशीच्या तोंडापासून हातभर अंतरावर, मी गाडीला कडबा गुंडाळला, आणि स्वतःच्या अकलेवर खूश होऊन झोपायला गेलो. पदार्थविज्ञानात म्हशीचा धडा नव्हता.

सकाळी गाडी उघडी पडली होती आणि म्हैस निवांत रवंथ करत होती. चार काड्या उरल्या होत्या, त्या मी पायानं बाजूला सारल्या. तेवढ्यात आई दारात आली.

पहिली किक. काही नाही. दुसरी किक. काही नाही. तिसरीला मी देवाचं नाव घेतलं, जे एरवी परीक्षेच्या निकालालाच घेत असे. गाडी मुकी ती मुकी.

आई आत गेली. त्या दिवशी तिनं चूल पेटवली नाही.

मी वेड्यासारखा गाडी चाचपायला लागलो, तर प्लगची वायरच नव्हती. कडब्याबरोबर म्हशीनं ती ओढून काढली होती आणि चघळून पायाखाली टाकली होती. ती शेणातली वायर हातात नाचवत मी घरात धावलो.

"आई, ही बघ! कौल खोटा! म्हशीनं वायर ओढली!"

आईनं वायरीकडं बघितलं.

"तिला कुनी सांगितलं वढायला?"

मी वायर पुसून, जोडून बसवली. गाडी एका किकेत लागली. मी ती एवढी रेस केली की शेजारपाजार गोळा झाला, पण आई बाहेर आली नाही. आतूनच म्हणाली, "कौल एकदाच लावत्यात." मला तिचा राग आला. त्याहून जास्त भीती वाटली, कारण पदार्थविज्ञान कधीच मागं पडलं होतं आणि मीही तिच्यासारखाच तीन मोजत होतो.

पुढचे रविवार मी एकट्यानंच किका मारल्या. आई दारात फिरकली नाही, आणि मेली गाडी आता पहिल्या नाहीतर दुसऱ्या किकला लागत राहिली.

माघ सरता सरता दादा आला. पत्र नाही, तार नाही. दुपारच्या एसटीतून काठी टेकत उतरला. बर्फात बूट भिजला, बरेच दिवस काढायला मिळाला नाही, आणि उजव्या पायाची बोटं गेली. लष्करी दवाखान्यात पडून असताना हे पत्रात कसं लिहायचं ते त्याला सुचलं नाही, म्हणून लिहिलंच नाही. आईनं त्याच्या तोंडावरून हात फिरवला, पुन्हा पुन्हा फिरवला. बोटं कोणत्या आठवड्यात गेली ते तिनं विचारलं नाही. मीही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी तो गोठ्यात गेला, झूल काढली, गाडीभोवती एक फेरी मारली.

"बरी ठेवलीस की लेका."

मी फुगलो. तो गाडीवर बसला, दांडी मागं घेतली, उजवा पाय किकवर ठेवला आणि अंगाचा भार टाकला. पाय घसरला. पुन्हा ठेवला, पुन्हा घसरला. जोर धरायला पुढं बोटंच नव्हती. तो हसला आणि खाली उतरला.

"चल, तू म्होरं बस. मी मागं बसतो."

मी किका मारल्या. कितवीला लागली ते आठवत नाही. कुणी मोजतच नव्हतं. दादा माझ्या खांद्याला धरून मागं चढला, पण त्याचा उजवा पाय टेकायची जागा शोधत लोंबकळत राहिला. तेव्हा आई गोठ्यात आली, खाली वाकली, दोन्ही हातांनी तो पाय उचलून नीट टेकवला आणि तसाच धरून राहिली. मी समोर भिंतीकडं बघत राहिलो. मागं वळून बघितलं असतं, तर मला गाडी चालवता आली नसती.