दोनशे चाळीस हर्ट्झ

बोरिवलीत स्टेशनजवळच्या कॉम्प्युटरच्या दुकानाचा मालक मला एकदाच भेटला. पन्नाशीचा, चष्मा कपाळावर चढवलेला. बोलता बोलता डाव्या हाताने पिवळ्या फडक्याने पडद्यावरची धूळ टिपायचा आणि उजव्या हाताने माऊस गोल गोल फिरवायचा, चहात साखर ढवळल्यासारखा. पडद्यावरचा बाण न अडखळता फिरला की स्वतःच खूश होऊन मान डोलवायचा.

"दोनशे चाळीस हर्ट्झचा मॉनिटर द्या," मी ऐटीत म्हणालो. "सेकंदाला दोनशे चाळीस वेळा चित्र बदललं पाहिजे. घरचा एकशे चव्वेचाळीसचा आहे, पण गेमला कमी पडतो. माझ्या डोळ्यांना फरक लगेच कळतो."

त्याचा माऊस थांबला. "घरचा आणल्यावर सेटिंगमध्ये जाऊन एकशे चव्वेचाळीस केलेलंस ना?"

"म्हणजे? ते आपोआप नाही होत?"

त्याने गुपचूप नवा मॉनिटर विकला असता, तर मला जन्मात काही कळलं नसतं. पण तो एकदम मालवणीत म्हणाला, "आधी घराक जा नि सेटिंग बघ. मगे ये."

हसला मात्र नाही. उलट पाठ फिरवून, मी दुकानाबाहेर पडेपर्यंत, चकचकीत पडदाच पुन्हा पुसत राहिला.

घरी येऊन पाहिलं, तर माझा मॉनिटर दोन वर्षं मुळातल्या साठ हर्ट्झवरच चालत होता. आणि ही दोन वर्षं मी मित्रांना सांगत होतो, "एकदा एकशे चव्वेचाळीसची सवय लागली ना यार, की साठकडे बघवत नाही!"