पाहुण्याचा पांढरा कोंबडा

मी घोटावड्याला शाळामास्तर होतो, तेव्हा एक गोरा तरुण परदेशातून येऊन गावात राहिला होता. त्याच्या पांढऱ्या कोंबड्यापासून गावठी कोंबड्यांना होणारी पिल्लं पुढं भरपूर अंडी देतील आणि गरिबाघरी चार पैसे येतील, एवढ्यासाठी. त्याचं नाव कुणाच्याच जिभेवर बसलं नाही. सगळे त्याला पाहुणाच म्हणत. कोंबडा जरा मलूल दिसला की याचा चेहरा उतरे. त्याला उचलून तो छातीला कान लावी. मराठीचं एकच वाक्य त्याला धड येई, "कोंबडा बरा हाय का?"

आखाडात नदी फुगली आणि पाहुणा तापानं फणफणला. डॉक्टर पलीकडच्या तीरावर अडकले. मी त्याच्या कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवत होतो, आणि त्याच्या आईला काय कळवायचं, ते मनात जुळवत होतो.

शेवटी ताप उतरला. तो राहायचा त्या घरची आजी रश्श्याची वाटी घेऊन आली. दोन घोट घेऊन त्यानं विचारलं, "कोंबडा बरा हाय का?"

आजी म्हणाली, "देवीला बोलले हुते, पाव्हण्याला उठीव, गावातला समद्यात भारी कोंबडा तुला दीन. मग दुसरा कसा दिऊ, बाबा?"

मी ते त्याला इंग्रजीत सांगितलं. तो वाटीकडं बघत राहिला. मग आजीच्या तोंडाकडं बघून त्यानं ती संपवली. भिंत धरत उठला आणि अंड्यांवर बसलेल्या कोंबडीच्या डालग्याला कान लावला.

आजीनं माझा दंड धरला. "मास्तर, काय आयकू येतंय का, इचारा की."

मीही वाकून डालग्याला कान लावला.