इंजेक्टर घेऊन भोरला

सासवड मागे पडलं तरी माझी धाकटी बहीण सुलभा सारखी मान वळवून ट्रकच्या मागच्या ताडपत्रीकडे बघत होती. मी भंडाऱ्याची, ती लग्न होऊन इंदापूरकडे गेलेली. तिथं शेतातल्या तळ्यांत तिनं बोटुकली (बोटाएवढी माशांची पिल्लं) वाढवायला घेतली होती. वेल्ह्याकडच्या एका मच्छीमार संस्थेनं त्यांच्या तलावात सोडायला तिच्याकडून पहिल्यांदाच बोटुकली मागवली होती. पाणी आणि प्राणवायू भरून फुगवलेल्या पिशव्या मागे रचल्या होत्या. तो प्राणवायू संध्याकाळपर्यंत पुरणार, तोही पिशव्या तापल्या नाहीत तर. मी आपली राजगड दिसेल म्हणून सोबत निघालेली.

भाद्रपदाचे दिवस होते. कापूरहोळला उतरलो, नसरापूरवरून वेल्ह्याच्या रस्त्याला लागलो. दोन्ही बाजूंना भातखाचरं, त्यात गुडघाभर हिरवा भात आणि समोर ढगांत अर्धा बुडालेला राजगड. तो नीट बघावा म्हणून मी खिडकीतून वाकले, तेवढ्यात इंजिनाचा ठेका चुकला. ट्रक गचके देऊ लागला, मागून काळा धूर निघाला. मार्गासनीच्या अलीकडे आमचे ड्रायव्हर नामदेवमामा यांनी गाडी कडेला घेतली.

मामा वेल्हे तालुक्यातलेच, साठीला टेकलेले. बॉनेट उघडून त्यांनी इंजिन चालू ठेवलं आणि डिझेलच्या नळ्यांचे नट एकेक करून ढिले करत आवाज ऐकला. प्रत्येक नट सैल केला की इंजिन अडखळे. एका नळीला मात्र आवाज बदललाच नाही.

"हितला इंजेक्टर गेलाय. डिझेलचा फवारा मारायच्या जागी गळतोय," ते म्हणाले. "असंच चढावर नेली तर पिस्टन जळंल."

ऊन चढत होतं. दुधाच्या कॅनचा एक टेम्पो गेला, त्यात जागा नव्हती. मोबाईल तेव्हा आमच्यापर्यंत पोहोचले नव्हते. सुलभानं ठरवलं, पिशव्या खाली गुंजवणी नदीच्या सावलीतल्या पाण्यात ठेवायच्या. त्याला तिचे आणि मामांचे हात हवे होते. म्हणजे इंजेक्टर दुरुस्तीला भोरला न्यायला उरले मीच. मामांनी तो खोलला, पुसला, माझ्या टॉवेलात गुंडाळला आणि त्याचं टोक कशालाही लागू देऊ नका, असं बजावलं. भोरात रफिकभाई म्हणून आहेत, त्यांना माझं नाव सांगा, म्हणाले.

वडापच्या जीपनं (प्रवासी कोंबून नेणारी जीप) नसरापूर, तिथून पुढं एसटी. फाट्यावर गरम भजी घेतली, ती कागदातच निवली. एसटी प्रत्येक थांब्यावर रेंगाळे आणि माझे पाय खाली चुळबुळत राहत. शेजारच्या म्हातारीनं मांडीवरच्या गाठोड्याकडे बघून विचारलं, "लेकरू किती म्हैन्याचं?" मी टॉवेल जरा उघडून दाखवला. तिनं त्या लोखंडाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि थोडी सरकून बसली.

रफिकभाईंच्या दुकानाचं शटर अर्धं ओढलेलं होतं. घर मागेच. ते पांढऱ्या इस्त्रीच्या शर्टात बाहेर आले. मुलीला बघायला शिरवळहून पाहुणे येणार होते, आज हात काळे करता येणार नाहीत, उद्या सकाळी या, असं त्यांनी नम्रपणे सांगितलं. मी मासे सांगितले, संध्याकाळ सांगितली, नदीत उभी असलेली बहीण सांगितली. आतून पडदा बाजूला झाला. जरीची ओढणी घेतलेली त्यांची मुलगी शबाना दारात उभी होती.

"अब्बा, करून द्या," ती म्हणाली. "पाहुण्यांना आपलं काम कळू द्या की."

त्यांनी बाह्या वर सारल्या. इंजेक्टर तपासायच्या यंत्राला लावून दांडा दाबला, तर टोकाला थेंब जमला आणि खाली पडला. खोलून काजळी साफ केली, पुन्हा दाबलं; पुन्हा थेंब. मग त्यांनी नवा नोझल (फवाऱ्याचं तोंड) घातला आणि काट्याकडे बघत दाब जुळवू लागले.

तेवढ्यात पाहुणे आले. मुलाचे वडील सरळ दुकानातच शिरले. रफिकभाईंनी काळे हात मागे घेतले. काय चाललंय ते मी घाईघाईत सांगितलं. पाहुणे म्हणाले, "हात राहू द्या तसेच. आधी मासे." पुढच्या दाबाला कुर्रकन आवाज झाला आणि टोकातून धुक्यासारखा बारीक फवारा सुटला. पाहुण्यांच्या तोंडूनही सुस्कारा निघाला.

पाहुण्यांचा मुलगा सलीम बाहेर जीपमध्ये अवघडून बसला होता. मोठ्यांची बोलणी होईपर्यंत या बाईंना सोडून ये, असं वडिलांनी फर्मावलं. महामार्ग लागल्यावर तो समोर बघतच म्हणाला, "मावशी, तुमी तिला बघितलं. कशी हाय?"

मी म्हटलं, "वडील नाही म्हणत होते. तिनं हे काम करायला लावलं."

त्यानं मान हलवली आणि जीपचा वेग वाढवला.

सुलभा कमरेएवढ्या पाण्यात होती. एका धनगर कुटुंबानं पाणी गढूळ होऊ नये म्हणून मेंढरं खालच्या अंगाला पाजायला नेली होती आणि त्यातल्या दोघी बायका तिच्याबरोबर पिशव्या धरून उभ्या होत्या. मामांनी इंजिनात चिकटून राहिलेला जुना तांब्याचा वायसर उकरून काढला, रफिकभाईंनी दिलेला नवा बसवला, नळ्यांतली हवा काढली. इंजिन एकदा गुरगुरून बंद पडलं. सुलभानं डोळे मिटले. दुसऱ्या खेपेला ते लागलं आणि सलग चालू राहिलं. पिशव्या चढवायला सलीमही थांबला, इस्त्रीच्या कपड्यांनिशी. चिंब होऊनच तो भोरला परतला.

तलावावर पोहोचलो तेव्हा उजेड होता. काही पिशव्यांत पांढरी पोटं वर आली होती. सुलभानं त्या बाजूला काढल्या आणि स्वतःहून संस्थेच्या म्हाताऱ्या अध्यक्षांपुढे ठेवल्या. त्यांनी त्या पिशव्यांकडे बघितलंसुद्धा नाही.

"जित्ती हायती ती सोडा आधी," ते म्हणाले. "मेलेल्याचं मागनं बगू."

पिशव्या तिरक्या केल्या. काठाशी पिल्लांचा काळसर पुंजका क्षणभर थबकला, फाटला आणि तळं पुन्हा रिकामं दिसू लागलं. सुलभा बराच वेळ तिथं ओंजळ पाण्यात बुडवून बसली होती.

दुसऱ्या दिवशी परतताना ती ट्रकमध्ये गाढ झोपली. शबानाचं लग्न सलीमशीच झालं, हे मामांकडून पुढं कळलं. भंडाऱ्यात शेजारणींनी काय काय बघितलं म्हणून विचारलं, तेव्हा मला धड एका जागेचं वर्णन करता आलं नाही. मी माणसांचंच सांगत बसले. पण एक खोड मात्र लागली. घरासमोरून ट्रक गेला की हातातलं काम थांबतं, आणि तो वळणापलीकडे जाईपर्यंत मी त्याचा ठेका ऐकत राहते.