विमानातल्या पाच सुपाऱ्या

२०११ सालचा जानेवारी, तिसरा शनिवार, सकाळचे नऊ. रक्कम रुपये एकशे शहाऐंशी फक्त. स्थळ, गोंदियाच्या बाजारातले पूजासाहित्याचे दुकान. हजर: दुकानदार, मुलीच्या घरमालकीण शेवंताबाई आणि मी. 'फक्त' लिहायची सवय मला मिरजेच्या शाळेत लागली. तिथल्या प्रयोगशाळेत तेवीस वर्षे मी परीक्षानळ्या मोजतो आहे. त्यामुळे मी विमान बघायला निघालो तेव्हा बायको म्हणाली, "बघा हो, पंख दोनच असतात. तिथं तरी मोजत बसू नका."

आमची मुलगी वैशाली गोंदियाजवळच्या एका धावपट्टीवर, शिकाऊ वैमानिकांची छोटी विमाने जोडणाऱ्या कारखान्यात वर्षभर उमेदवारी करत होती. शनिवारी तिचे वर्ष पुरे होणार होते आणि कायम नोकरीची ऑर्डर मॅनेजरसाहेबांच्या टेबलावर सहीची वाट पाहत होती. त्याच दिवशी नव्या विमानाची पूजा आणि पहिले उड्डाण होते. म्हणून मी कोल्हापूरहून येणारी गोंदियाची गाडी मिरजेला धरली. ही गाडी महाराष्ट्राच्या एका टोकाला निघते, दुसऱ्या टोकाला थांबते आणि मधल्या सगळ्या टोकांना भेटून येते. पुण्याला चढलेला एक सहप्रवासी मला तीनदा म्हणाला, "विमानाने गेला असता तर तासात पोचला असता." मी म्हटले, ते विमान अजून जोडून व्हायचे आहे.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गोंदियाला उतरलो. रिक्षावाल्याने हिंदीत भाडे सांगितले, मी मराठीत कमी केले आणि तो मराठीत चिडला. गोंदियालगतच्या फुलचूरला वैशाली शेवंताबाईंच्या घरात भाड्याने राहते. शेवंताबाई त्याच कारखान्यात झाडलोट करतात. ताटात भाताचा डोंगर, बाजूला लाखोरीची (इकडचे एक कडधान्य) डाळ आणि वांग्याची भाजी. मी भाकरीच्या मुलखातला. डोंगर निम्मा झाला की शेवंताबाई पुन्हा तेवढाच उभा करत.

"काऊन (का) थांबले जी? तुमच्याकडे भात मोजून खातेत का?"

"मोजूनच," वैशाली म्हणाली. "बाबांचा सगळा जीव मोजण्यात."

"मंग बरे झाले आले. माये (माझे) पैसे गिनून द्या," असे म्हणून शेवंताबाईंनी हकीकत सांगितली. आठ दिवसांपूर्वी मॅनेजरसाहेबांचे सोनेरी क्लिपचे काळे पेन हरवले. टेबल पुसतात शेवंताबाई, म्हणजे चोरही त्याच. पगारातून साडेतीनशे रुपये कापले. "मी आंगठा लावते जी. मले पेन कायले (कशाला) पायजे?"

शनिवारी सकाळी बाजारातून नारळ, हार, कापूर, पाने घेतली. सुपाऱ्या मी एकेक उजेडात धरून, पाच मोजून घेतल्या. दुकानदार म्हणाला, "काकाजी, सुपारी गिन के कौन लेता है?" मी पावतीवर 'सुपारी नग ५' लिहून घेतले. त्याने ते शेवंताबाईंकडे बघत, डोक्याला हात लावून लिहिले.

धावपट्टीकडे जाताना दोन्ही बाजूंना धानाच्या (भाताच्या) कापलेल्या बांध्या (खाचरे) आणि मधूनच एखादे तळे. मग एकदम पत्र्याची प्रचंड शेड. माझी समजूत अशी की विमान जन्मतःच विमान असते. प्रत्यक्षात ते दोन लाकडी खोक्यांतून येते: एकात धड, दुसऱ्यात पंख आणि शेपटी. पंख बोल्टांनी धडाला जोडतात. प्रत्येक बोल्ट ठरलेल्या जोराइतकाच आवळतात, वर तांबड्या रंगाची रेघ ओढतात, म्हणजे तो सैल झाला तर रेघ तुटलेली दिसते. बैठकीच्या जमिनीखालून पोलादी तारा कप्पीच्या छोट्या चाकांवरून थेट शेपटीपर्यंत जातात. वैमानिकाने दांडा हलवला की शेपटी हलते ती या तारांमुळे. तारेच्या वाटेत काही अडकले तर दांडा हलत नाही, आणि पुढचे सांगायला वैमानिक उरत नाही.

म्हणून तिथे एक फळा आहे. प्रत्येक पान्याची आकृती फळ्यावर रंगवलेली, त्या जागी तोच पाना. संध्याकाळी एक जागा जरी रिकामी दिसली तरी कोणी घरी जात नाही. विमानात शिरणारा प्रत्येक कामगार खिसे रिकामे करतो. मॅनेजरसाहेब करत नसत. हा नियम काम करणाऱ्यांसाठी होता. वैशालीचे काम मोजणीचे: आत गेलेली वस्तू बाहेर आली याची सही तिने केल्याशिवाय इंजिन सुरू होत नाही.

पूजेवरून सकाळीच वाजले. साहेबांना विमानात अक्षता टाकायच्या होत्या.

"साहेब, आत तांदळाचा दाणा नको," वैशाली म्हणाली.

"अहो, गोंदियात बसून तांदूळ नको म्हणता?"

"तांदूळ मोजता येत नाहीत."

अखेर तोडगा निघाला. नारळ, कुंकू, अक्षता बाहेर. आत फक्त मोजता येईल ते. म्हणजे पाच पाने, पाच सुपाऱ्या, वैमानिकाच्या खुर्चीशेजारच्या फळीवर. भटजी आलेच नाहीत. साहेबांनी मोबाइलवर मंत्र लावला आणि मधे फोन आला तेव्हा नमस्कार करून घेतला.

प्रमुख पाहुणे दीड तास उशिरा आले. भात गिरणीचे मालक, कारखान्यात त्यांचा पैसा होता; सगळे त्यांना शेठजी म्हणत. ते वैमानिकाच्या खुर्चीत बसले, फोटो झाले. "अरे, ये हिलता है!" म्हणत त्यांनी दांडा मागेपुढे केला. उतरून सावलीत खुर्ची टाकून बसले.

वैशालीने आतले सामान गोळा केले. पाने पाच. सुपाऱ्या चार.

"चारच असतील," साहेब म्हणाले.

"पाच होत्या."

साहेब तिच्या जवळ गेले. आवाज खाली, पण मला ऐकू येईल इतका. "वैशाली, तुमची ऑर्डर माझ्या टेबलावर आहे. शेठजी ताटकळलेत. एका सुपारीपायी वर्ष घालवू नका."

वैशालीने माझ्याकडे पाहिले. "बाबा, किती घेतल्या होत्या?"

खरे सांगतो, 'चारही असतील' हे शब्द माझ्या ओठांपर्यंत आले होते. तेवीस वर्षांत फुटलेली एकही नळी मी लपवली नाही. पण त्या नळ्यांवर मुलीच्या नोकरीची ऑर्डर अवलंबून नव्हती. मी खिशातून पावती काढली. "पाच."

"हे कोण?" साहेबांनी विचारले.

"पावतीवाले," शेवंताबाई दारातून म्हणाल्या.

विमानाची जमीन उघडली. बावन्न स्क्रू, प्रत्येक मोजून ताटलीत. शेवटची फळी निघाली आणि वैशालीने बॅटरी आत धरली.

"काहीतरी आहे."

सुपारी नव्हती. चाकाला टेकून, तारेपासून दोन बोटांवर, सोनेरी क्लिपचे काळे पेन पडले होते. वैशालीने दांडा किंचित हलवला; तार सरकली आणि पेन हळूच तारेकडे गडगडले. मग शेवंताबाई झाडू टेकवून पुढे आल्या.

"सायेब, तो पेन कोनाचा जी?"

वैशालीने कागद काढला. 'आत काहीही राहिलेले नाही' या तपासणीवर आठ दिवसांपूर्वी, जमिनीच्या फळ्या बसवताना, साहेबांनी सही केली होती, निळ्या बॉलपेनने. ते बॉलपेन शेजारच्या कामगाराचे. स्वतःचे पेन त्यांना त्या वेळी सापडत नव्हते.

साहेबांनी घाम पुसला. "बरं झालं निघालं. आता करा सही."

"सुपारी अजून राहिली, साहेब."

वैमानिकाची खुर्ची काढायला सुरुवात झाली तेव्हा शेठजी कंटाळून चौकशीला आले. हातात अडकित्ता, गाल फुगलेला. "क्या ढूंढ रहे हो?"

"सुपारी."

"अरे, एक सुपारी के लिए जहाज खोल दिया? वो तो मैंने उठा ली. शगुन की होती है."

"उरलेली दाखवा, शेठजी," वैशाली म्हणाली. साहेबांनी डोळे मिटले. शेठजींनी निमूट खिशातून अर्धी सुपारी काढली. तिने ती चारांशेजारी ठेवली आणि वहीत लिहिले: 'सुपाऱ्या पाच. प्रत्यक्ष साडेचार, अर्धी प्रमुख पाहुण्यांच्या तोंडात, समक्ष पाहिली.' खालच्या ओळीत: 'पेन एक, मॅनेजरसाहेबांचे, जमिनीखाली.' मग बावन्न स्क्रू परत बसले आणि तिने सही केली.

शेठजींनी वही वाचली आणि पेनाच्या ओळीवर बोट ठेवले. "मैंने वो डंडा हिलाया था ना?" त्यांनी विचारले. मग साहेबांना म्हणाले, "इस लड़की को पक्का करो." उड्डाणात बसायचे मात्र त्यांनी पुढच्या वेळेवर ढकलले. विमान रिकाम्या बांध्यांवरून दोन चकरा मारून आले आणि न उसळता टेकले. दोन चकरा, मी मोजल्या. वैशालीने मात्र तेवढा वेळ आकाशाकडे पाहिलेच नाही. ती ताटलीत एखादा स्क्रू राहिला नाही ना, ते बघत होती.

ऑर्डरीवर सही झाली, त्याच काळ्या पेनाने. साहेब उठायला लागले, तर दारात शेवंताबाई उभ्या.

"झाडून झालं. आता माये गिना जी."

रविवारी परतीच्या गाडीत बसलो. आपण मोजतो म्हणून लोक हसतात, याची मला सवय आहे. पण साहेबही मोजत होतेच: शेवंताबाईंच्या पगारातले साडेतीनशे त्यांना तोंडपाठ होते. मोजायचे राहिले होते फक्त त्यांच्या खिशातले. खिडकीतून धानाच्या बांध्या मागे पडत होत्या आणि माझ्या खिशात चार सुपाऱ्या एकमेकींवर वाजत होत्या.

अखेरचा हिशेब असा. पूजासाहित्यापोटी मला कारखान्याकडून रुपये एकशे अठ्ठ्याहत्तर. चार सुपाऱ्या परत दिल्या म्हणून साहेबांनी आठ वजा केले. शेवंताबाईंना साहेबांच्या स्वतःच्या खिशातून रुपये तीनशे पन्नास, आंगठा त्यांचा, साक्षीदार म्हणून सही माझी. नोटा त्यांनी साहेबांच्या समोर उभे राहून तीनदा मोजल्या.