भावाचं नाव काय?
जवसाच्या तेलाचा वास आला की मला कलकत्त्यातली, सत्तरच्या दशकातली एक हिवाळी संध्याकाळ आठवते. चौदा वर्षांची मी फोर्ट विल्यमजवळच्या मैदानावर मुलांबरोबर क्रिकेट खेळायचे आणि माझ्या बॅटला स्वतः तेल लावायचे. कसोटीसाठी आलेल्या एका नामांकित मराठी फलंदाजाला तिथल्या आमच्या मराठी मंडळींनी चहाला बोलावलं होतं. बटाटेवड्यांच्या वासात तासभर रांगेत उभी राहून मी वही पुढे केली. वर न बघताच त्याने विचारलं, “भावाचं नाव काय?” मी म्हटलं, “मला भाऊ नाही. सही मलाच हवीय. मी ऑफस्पिन टाकते.” तो हसला, भोवतीचे सगळे काका हसले. “बरं, मग बाबांचं नाव सांग,” तो म्हणाला. मी वही ओढून घेतली आणि तडक जिना उतरले. घरी बाबा चिडले. “एवढ्या मोठ्या माणसाचा अपमान केलास.” मी विचारलं, “आणि माझा?” त्या फलंदाजाला मी केव्हाच माफ केलं, तो मला ओळखत नव्हता. पण बाबा दर रविवारी माझी गोलंदाजी बघायला यायचे, आणि त्या संध्याकाळी तेही हसले होते. साठी उलटली तरी तो राग तसाच आहे.